अर्थशास्त्र आणि कायदा : पाच वर्षांत दोन्ही, की तीन अधिक तीन?

नव्याने_आलेली

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

बारावी कॉमर्सला आहे, गाव सांगली जिल्ह्यात. अकरावीला एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) न घेता गणित घेतलं, त्यावरून घरी बोलणी खाल्ली होती. अर्थशास्त्र मनापासून आवडतं. मागणीची लवचिकता शिकवली त्या दिवशी घरी येऊन आईला विचारत बसले होते, की टोमॅटो ऐंशी रुपये झाले तर तू किती कमी घेतेस आणि मीठ दुप्पट झालं तर किती. आईने लाटणं दाखवलं.

बाबांचं म्हणणं, वकील हो, स्वतःच्या पायावर उभी राहशील. काका म्हणतात, पाच वर्षांचं बीए एलएलबी कर, त्यात अर्थशास्त्रही येतं, एका दगडात दोन पक्षी. मला कायदा नको असं नाही. पेपरात जमिनीच्या मोबदल्याच्या बातम्या येतात तेव्हा वाटतं, हे दोन्ही विषय इथे एकत्रच आहेत की. पण पाच वर्षांच्या वाटेने जावं, की आधी तीन वर्षं बीए आणि मग तीन वर्षं एलएलबी, ते कळत नाही. शिवाय आता एका वेळी दोन पदव्या करता येतात असं ऐकलं. मग बीए इकॉनॉमिक्स आणि एलएलबी शेजारी शेजारी का करू नये?

---

दुपारचा_चहा

स्वागत. आईचं लाटणं ही लवचिकता नसलेली वस्तू आहे हे पहिल्याच धड्यात शिकलीस, पुढचं सोपं आहे.

गंभीर प्रतिसाद उद्या. तोवर वाखु (वाचनखूण) साठवतो, भाची यंदा अकरावीत आहे.

---

शून्यव्याज

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

एका वेळी दोन पदव्यांना यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये परवानगी दिली हे खरं. पण कायद्याच्या शिक्षणावर यूजीसीइतकीच बार कौन्सिलची, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेची, हुकमत चालते, आणि बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतला सहावा नियम सरळ सांगतो, की कायद्याच्या पदवीला नाव असताना दुसऱ्या नियमित पदवीला नाव घालायचं नाही. एकात्मिक पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, कारण ती मुळात एकच नोंदणी असते. दूरशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमाला आणि काही अर्धवेळ प्रमाणपत्रांना त्या नियमातच सूट आहे.

मी काय केलं? सकाळी एलएलबी, दुपारी दुसऱ्या ठिकाणी एमए इकॉनॉमिक्स. उत्साह दांडगा. पाच महिने मजेत गेले. मग एमएच्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, मूळ टीसी कुठाय? टीसी एकच असते आणि ती कायद्याच्या कॉलेजच्या कपाटात होती. झेरॉक्स चालणार नव्हती. एमए सोडावं लागलं, फी गेली. पुढे इग्नूतून केलं. ते चाललं, पण इकॉनोमेट्रिक्सचा, म्हणजे अर्थशास्त्रातल्या संख्याशास्त्राचा, पेपर एकट्याने घरी बसून सोडवणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

तेव्हा शेजारी शेजारी नको. एक तर एकात, नाही तर एकापुढे एक.

---

मोडीवाचक

धाग्याचा विषय वाचून एक माणूस आठवणारच. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये लंडनला एकाच वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. शिष्यवृत्ती संपली म्हणून मधेच परतावं लागलं. १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. १९२३ पर्यंत डीएससी आणि बॅरिस्टरी दोन्ही हाताशी. प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य.

मला जास्त भावते ती त्यांची १९३९ ची जानेवारी. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे अर्थशास्त्राच्या घरात, काळे स्मृती व्याख्यानाला उभे राहिले आणि बोलले संघराज्याच्या घटनात्मक रचनेवर. आज आपण मुलांना विचारतो, तुझी स्ट्रीम कोणती.

त्याआधीचे न्यायमूर्ती रानडे तर आहेतच. एलएलबी झालेले, न्यायखात्यातले, आणि १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्र वेगळं का असावं यावर व्याख्यान. दुसऱ्या वर्षी हायकोर्टाचे न्यायाधीश.

---

दुपारचा_चहा

मोडीवाचक, माहिती उत्तम, पण त्या पोरीला सीईटीचा फॉर्म भरायचाय हो.

---

मोडीवाचक

भरू दे की. फॉर्म भरताना कुणाच्या रांगेत उभे आहोत ते कळलं तर बिघडलं कुठे?

---

कागदी_घोडा

मी पाच वर्षांवालाच, २०१४ ची वकिलीची सनद. काकांच्या 'त्यात अर्थशास्त्रही येतं' यावर बोलतो.

येतं, पण किती? माझ्या वेळी आमच्याकडे राज्यशास्त्र मुख्य विषय होता आणि अर्थशास्त्र म्हणजे पहिल्या दोन वर्षांत विखुरलेले तीन पेपर. त्यात दारिद्र्याची कारणं, पंचवार्षिक योजना, आरबीआयची कार्ये लिहा. गणित शून्य. संख्याशास्त्र शून्य. तिसऱ्या वर्षापासून भारतीय दंड संहिता, करार, दिवाणी प्रक्रिया, पुरावा, आणि अर्थशास्त्राची वही आईने रद्दीत घातली. पदवीवर मात्र 'बीए' ऐटीत छापून आलं. पुढे अर्थशास्त्रात एमए करावं म्हणून गोखलेच्या प्रवेश परीक्षेचा जुना पेपर उघडला, त्यातलं डिफरन्सिएशन पाहिलं आणि मिटला.

म्हणून म्हणतो, जिथे प्रवेश घेणार त्या कॉलेजचा अभ्यासक्रम उतरवून घे आणि बोटांवर मोज. अर्थशास्त्राचे पेपर किती, त्यात सूक्ष्म, समग्र, संख्याशास्त्र वेगवेगळे आहेत का, आणि शिकवायला अर्थशास्त्राचा पूर्णवेळ माणूस आहे की शेजारच्या सिनियर कॉलेजमधून तासावर येतो. प्रॉस्पेक्टसच्या मुखपृष्ठावरच्या नावावर जाऊ नको. मुंबई विद्यापीठात याच पाच वर्षांना बीएलएस एलएलबी म्हणतात, तिथेही हीच मोजणी कर.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत हे बरंच बरं असतं. महाराष्ट्रात तीन आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. पण तिथे सीईटीने नाही, क्लॅटने जातात. क्लॅट डिसेंबरात, दोन तासांत १२० प्रश्न, सगळं इंग्रजीत, परिच्छेदांवर, आणि चुकलं की पाव गुण गेला. आपल्या सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत आणि प्रश्न मराठीतही असतात. दोन्ही दे.

---

सिडनीकर

इकडची पद्धत सांगतो, तुलना म्हणून. सिडनी विद्यापीठात बॅचलर ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅचलर ऑफ लॉज अशी जोडपदवी आहे, पाच वर्षांची. माझी मुलगी त्यातच आहे. पहिली तीन वर्षं मुख्यतः अर्थशास्त्र आणि मधे मधे कायद्याचे विषय, शेवटची दोन वर्षं निव्वळ कायदा. शेवटी हातात दोन वेगळी प्रमाणपत्रं. म्हणजे अर्थशास्त्र एकट्याने करणाऱ्या मुलांच्याच वर्गात ती बसते, त्यांचेच पेपर देते. वकिलांसाठी पाणी घातलेलं अर्थशास्त्र वेगळं नसतं.

मात्र नुसत्या पदवीवर इथेही वकिली करता येत नाही, वर प्रात्यक्षिक प्रशिक्षण लागतं. आणि इथून शिकून भारतात कोर्टात उभं राहायचं तर बार कौन्सिलची वेगळी पात्रता परीक्षा असते. केवळ जोडपदवीच्या मोहाने इकडे कर्ज काढून येऊ नये, असं माझं मत.

---

भुईमूग

तालुका कोर्टात एकवीस वर्षं. मोठमोठ्या गोष्टी मला येत नाहीत. पण 'वकिलाला अर्थशास्त्र कशाला' असं जे म्हणतात त्यांना माझ्या टेबलावरचा रोजचा कागद दाखवतो.

मोटार अपघाताचा दावा. समज, ३५ वर्षांचा रिक्षावाला गेला. महिन्याची कमाई १५ हजार धरली. मागे बायको, दोन पोरं, म्हातारी आई. कोर्टात हिशोब असा चालतो. वर्षाचे १,८०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, झाले २,५२,०००. अवलंबून चार माणसं, म्हणून त्याचा स्वतःवरचा खर्च एक चतुर्थांश वजा, उरले १,८९,०००. त्याला गुणायचं १६ ने. आले ३०,२४,०००. वर अंत्यविधी, सहवासाचं नुकसान वगैरेंची ठरीव रक्कम.

गुणक आणि वजावट सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातली, ४० टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले. आम्हा सगळ्यांच्या डायरीच्या पहिल्या पानावर ते कोष्टक चिकटवलेलं असतं. ३१ ते ३५ वयाला १६, ३६ ते ४० ला १५, असं खाली खाली.

आता नव्याने आलेल्या ताई, तुला एक प्रश्न. हा माणूस सत्तरीपर्यंत जगला असता तर अजून ३५ वर्षं कमावता. मग कोर्ट ३५ ने न गुणता १६ ने का गुणतं? तो १६ कुठून आला असेल? उत्तर आलं तर तुझी वाट कोणती ते तुझं तुलाच कळेल. मला हे वकिलीला लागल्यावर सातव्या वर्षी उमगलं, तेही विमा कंपनीच्या वकिलाने भर कोर्टात फजिती केली तेव्हा.

---

दुपारचा_चहा

भुईमूगकाका, आमच्या इथे याला होमवर्क म्हणतात.

---

शून्यव्याज

भुईमूग, प्रतिसाद आवडला. मोठ्या पातळीवरही हेच दिसतं. २०१२ चं सिमेंट प्रकरण घ्या. स्पर्धा आयोगाने अकरा कंपन्यांना मिळून सुमारे ६,३०० कोटींचा दंड ठोठावला. संगनमताचा सहीशिक्क्याचा कागद कोण ठेवतो? मग पुरावा काय? तर किंमती एकत्र वर गेल्या, मागणी असताना क्षमतेपेक्षा कमी उत्पादन केलं. कंपन्यांचं उत्तर, बाजारात मोजकेच विक्रेते असले की एकमेकांकडे बघून किंमती सारख्या होतातच, त्याला ठरवून करण्याची गरज नसते. दोन्ही बाजूंचे वकील बोलत होते कायदा, भांडत होते मात्र अल्पाधिकार बाजाराच्या सिद्धांतावर. अपिलात २०१५ मध्ये तो आदेश रद्द झाला, आयोगाने २०१६ मध्ये नव्याने दिला, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला.

ज्याला आलेख वाचता येतो तो वकील तिथे चालतो. रोखे अपील न्यायाधिकरण तर मुंबईतच आहे, आणि २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनंतर कंपनी न्यायाधिकरणातही ताळेबंद वाचल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

---

कागदी_घोडा

थोडं पाणी ओततो. नोकरीच्या जाहिराती नीट वाच. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या अधिकारी भरतीत कायदा शाखा वेगळी आणि संशोधन शाखा वेगळी. कायदा शाखेला कायद्याची पदवी पुरते, संशोधनाला अर्थशास्त्रासारख्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेलाही अर्थशास्त्रात पदव्युत्तरच हवी, तिथे एलएलबीला कुणी विचारत नाही. म्हणजे दोन्ही शिकलीस तरी रांग एकाच खिडकीसमोर लावायची. दुसऱ्या विषयाचा उपयोग आत गेल्यावर होतो.

न्यायाधीश व्हायचं डोक्यात असेल तर आणखी एक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. तीन अधिक तीन अधिक तीन, हिशोब करून ठेव. पाच वर्षांच्या वाटेने एक वर्ष वाचतं, आणि घरी परिस्थिती बेताची असेल तर एक वर्ष लहान नसतं.

---

पायवाट

मी तीन अधिक तीनवाली. पुण्यात बीए अर्थशास्त्र, मग एलएलबी. कुणी सांगत नाही अशा दोन गोष्टी.

पहिली, तिसऱ्या वर्षापर्यंत माझं मन दोनदा बदललं आणि काही बिघडलं नाही. पाच वर्षांच्या कोर्सला दुसऱ्या वर्षी कळलं की कायदा आपला नाही, तर बहुतेक ठिकाणी हातात नुसतीच बारावी उरते. अर्थशास्त्राची पदवी झाली की ती झाली. एलएलबीला कोणत्याही शाखेची तीन वर्षांची पदवी चालते, खुल्या वर्गाला ४५ टक्के. आता चार वर्षांची ऑनर्स आली आहे, पण कायद्यासाठी तिची सक्ती नाही. अर्थशास्त्रातच पुढे जायचं ठरलं तर मात्र ते चौथं वर्ष कामाला येतं.

दुसरी, वर्गातलं वय. एलएलबीच्या वर्गात माझ्या बाकावर एक निवृत्त बँक मॅनेजर आणि एक औषधविक्रेता. परक्राम्य लेखांचा कायदा मॅनेजरकाकांनी डब्यातली चटणी देता देता समजावला. चेक परत आल्यावर शाखेत नेमकं काय होतं, कोणता शिक्का मारतात, हे पुस्तकात नव्हतं. हजेरी मात्र ७० टक्के लागते, तीन वर्षांच्या कोर्सला कुणी विचारत नाही या भ्रमात राहू नको.

आणि बीए घेतलंस तरी गणित सोडू नको. जिथे अर्थशास्त्राच्या जोडीला गणित किंवा संख्याशास्त्र घेता येतं तेच कॉलेज बघ. एसपी न घेता गणित घेतलंस ना, अर्धी लढाई तिथेच जिंकलीस.

---

दुपारचा_चहा

पायवाट +१. बँक मॅनेजरकाका बहुधा आमचेच शेजारी. दर रविवारी सोसायटीच्या सभेत ते कलमं सांगतात, आता कारण कळलं.

---

नव्याने_आलेली

सर्वांचे आभार. तीन दिवस प्रतिसाद देता आला नाही कारण सहामाहीचे पेपर होते. आणि खरं सांगायचं तर भुईमूगकाकांच्या १६ ने झोप उडवली होती.

आधी वाटलं, माणूस मधेच आजारी पडेल, काम सुटेल, म्हणून कमी धरत असतील. पण ३५ चे एकदम १६? मग लक्षात आलं की पैसे पस्तीस वर्षं थोडे थोडे न मिळता आजच एकरकमी मिळतायत. ते बँकेत ठेवले तर व्याज येणार. म्हणजे आज किती ठेवले तर दर वर्षी एक रुपया काढत पस्तीस वर्षं पुरतील, तो आकडा काढायचा. अकाउंट्सच्या सरांनी सूत्र दिलं.

ठेवीचा दर सात टक्के धरला, तर आलं १२.९५. सोळा नाही. मग उलट गेले. पाच टक्के धरला, तर १६.३७! पंचवीस वर्षांच्या माणसासाठी सत्तरीपर्यंत ४५ वर्षं, पाच टक्क्याने १७.७७ येतं. कोष्टक शोधलं, तिथे १८ आहे. पन्नाशीच्या माणसाला २० वर्षं, १२.४६, कोष्टकात १३. साठीला १० वर्षं, ७.७२, पण कोष्टकात ९. म्हणजे म्हाताऱ्यांना कोर्ट थोडा सढळ हात लावतं. कोष्टक असंच बनवलं असेल असं मी म्हणत नाही, पण पाच टक्के आणि सत्तरी धरली की ते बऱ्यापैकी बसतं.

आता माझा प्रश्न. बँक सात देत असताना पाच का? मला वाटतं, महागाई. सातातून महागाई वजा केली तर खरं व्याज पाचापेक्षाही कमी उरेल. मग तर गुणक १६ पेक्षा मोठा हवा ना? की त्या ४० टक्के वाढीत महागाई आधीच धरली आहे?

---

भुईमूग

ताई, तुझा आकडा वाचून टाइपिस्टला बोलावून दाखवला.

नेमका तोच वाद आहे. ४० टक्के एकदाच मिळवले जातात, दर वर्षी नाही, त्यामुळे पस्तीस वर्षांची महागाई त्यात मावते असं मला वाटत नाही. विमा कंपनीचा वकील म्हणेल, वाढ धरलीत, आता वर महागाई मागू नका. मी म्हणेन, रिक्षाचं भाडं तरी दहा वर्षांत कुठल्या कुठे गेलं ते बघा. पण निकाल बांधून ठेवतो, माझ्यासारख्याला कोष्टकाबाहेर जाता येत नाही. कोष्टकाबद्दलच बोलायचं तर ते वरच्या कोर्टात, आणि बोलणाऱ्याला तू मांडलेलं गणित उभ्या उभ्या मांडता यायला हवं.

मला ते येत नाही.

---

शून्यव्याज

बारावीत? सहामाहीच्या पेपरांच्या मधे? साष्टांग.

---

मोडीवाचक

सातारा-सांगली पट्ट्याचा गुण हो. ज्यांच्या नावाचं ते काळे व्याख्यान, ते रावबहादूर काळेही सातारचेच. त्यांच्याच देणगीवर १९३० मध्ये गोखले इन्स्टिट्यूट उभी राहिली.

---

पायवाट

मग आता काय ठरवलंस?

---

नव्याने_आलेली

अजून पूर्ण ठरलं नाही. दोन जवळच्या कॉलेजांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातले पेपर मोजले. एकात अर्थशास्त्राचे तीन, दुसऱ्यात चार, संख्याशास्त्र दोन्हीकडे नाही. कागदीघोडादादा, तुमचं बरोबर निघालं.

मनातून तीन अधिक तीनच आहे, गणितासकट. पाच वर्षांची सीईटी आणि क्लॅट दोन्ही देणार, राष्ट्रीय विधी विद्यापीठात लागलं तर पुन्हा विचार. बाबांना रिक्षावाल्याचा हिशोब वहीत मांडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग विचारलं, आपल्या वाडीतल्या त्या अपघातात दोन वर्षांपूर्वी किती मिळाले होते ते ठाऊक आहे का. मला नव्हतं. बाबा चप्पल घालून विचारायला गेलेत.